विम्बल्डनला पाहुणे म्हणून जायचंय? सांगलीहून निघण्याआधी हे वाचा

आमची पेढी सांगलीच्या मार्केट यार्डात. हळद आणि बेदाणा. सौदे अजून मामंजी बघतात, निर्यातीची कागदपत्रं माझ्याकडे. मार्च २०२५ मध्ये आमची हळद घेणाऱ्या लंडनच्या एका व्यापाऱ्याची मेल आली. ६ जुलैला विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेत आमचे पाहुणे म्हणून दोघंजण या, असं त्यात होतं. मी मेल दोनदा वाचली आणि मामंजींना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि म्हणाले, "त्या दिवशी आषाढी आहे."

शेवटी गेलो. पण निमंत्रण आल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत इतक्या ठिकाणी अडखळलो की आता यार्डात कुणालाही असं बोलावणं आलं की तो आधी मलाच फोन करतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

१. आधी हे ओळखा: तुम्ही प्रेक्षक नाही, पाहुणे आहात

विम्बल्डनमध्ये शिरायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. एक, लॉटरी. आधी नाव नोंदवायचं आणि नशिबाची वाट बघायची. दुसरी, रांग. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्टाची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रोज रांगेतल्या लोकांसाठी ठेवतात (सेंटर कोर्टची शेवटचे चार दिवस सोडून). त्यासाठी लोक आदल्या रात्री तंबू ठोकून झोपतात. तिसरी, डिबेंचर, म्हणजे पैसे गुंतवून घेतलेला रोखा. यात पाच वर्षांसाठी रोजची एक जागा मिळते, आणि २०२६ ते २०३० साठी सेंटर कोर्टच्या एका डिबेंचरची किंमत होती १,१६,००० पौंड. आकडा वाचून मामंजींनी शून्यं पुन्हा मोजायला लावली.

चौथी वाट म्हणजे हॉस्पिटॅलिटी. कोर्टावरची राखीव जागा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि दिवसभर बसायला एक मंडप, असं सगळं एकत्र विकत मिळतं. ते घेतात बहुतेक कंपन्या, आपल्या गिऱ्हाइकांना आणि माल पुरवणाऱ्यांना बोलवायला. म्हणजे खर्च दुसऱ्याचा आणि मान आपला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पाहुण्याने कसं वागायचं हे कुणी शिकवत नाही, ते अंगात असतं. तिथेही बरंचसं तसंच आहे. फक्त तिथले काही नियम कागदावर असतात आणि ते आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही.

२. निमंत्रण आल्यावर पहिल्या आठवड्यात

येणार की नाही ते लगेच कळवा. "बघतो, सांगतो" हे आपलं उत्तर तिथे नकार धरलं जातं, आणि तुमची जागा दुसऱ्याला जाते.

नावं पासपोर्टवर आहेत तशीच कळवा, अक्षर न अक्षर. आपल्याकडचा घोळ इथेच होतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, बँकेत नवऱ्याचं, आणि मेलच्या सहीत तिसरंच काही. माझ्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव आहे आणि मी सवयीने सासरचं कळवून बसले होते. तिकीट मोबाइलवर येतं, ते यजमान तुमच्या खात्यावर पाठवतात आणि दारात ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. नाव दुरुस्त करून घ्यायला मला चार मेल लागल्या.

खाण्याचं याच मेलमध्ये सांगा. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून थांबू नका, कारण इंग्लंडमध्ये शाकाहारात अंडं बसतं. "मांस, मासे, अंडं, जिलेटिन नको" असं सुटं सुटं लिहा. जिलेटिन यासाठी की ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि तिथल्या थंड गोड पदार्थांत सर्रास असतं. मामंजी माळकरी, त्यात एकादशी. मी वेगळी यादीच पाठवली: धान्य नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा, दही, फळं, सुकामेवा चालेल. स्वयंपाकघराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही एका ओळीचं: करतो.

यजमानांच्या कंपनीकडून एक फॉर्म येईल. तुमचा हुद्दा काय, सध्या त्यांच्याशी एखाद्या सौद्याची बोलणी चालू आहेत का, वगैरे. मला आधी हे चौकशी लावल्यासारखं वाटलं. मग कळलं की ब्रिटनमध्ये २०१० चा लाचविरोधी कायदा आहे आणि तो कडक आहे. पाहुणचार करायला त्यात बंदी नाही. त्या कायद्याच्या सरकारी मार्गदर्शिकेत तर गिऱ्हाइकांना विम्बल्डनला नेण्याचं उदाहरण चक्क नाव घेऊन दिलंय, त्याला हरकत नाही म्हणून. पण कंपन्या प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवतात. फॉर्म खरा भरा. सौदा चालू असेल तर तसं लिहा.

एक अजून. "माझ्या पुतण्यालाही टेनिसची आवड आहे, एक जागा वाढवता आली तर..." असं लिहायचा मोह आवरा. ती खुर्ची आहे, पंगतीतलं पान नव्हे.

३. व्हिसा, म्हणजे निम्मं काम

लागतो तो साधा व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा. याच व्हिसावर व्यापाराच्या भेटीगाठीही चालतात. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फी तिथेच कार्डाने भरायची (२०२५ मध्ये आम्ही माणशी १२७ पौंड भरले), कागद अपलोड करायचे आणि बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) पुणे किंवा मुंबई केंद्रावर जायचं. ठसे दिल्यावर साधारण तीन आठवड्यांत निकाल लागतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून शेवटच्या महिन्यावर टाकू नका. पाच कामाच्या दिवसांत उत्तर हवं असेल तर वर ५०० पौंड मोजावे लागतात, आणि तेवढ्या पैशात सांगलीत पुष्कळ काही होतं.

आम्ही जोडलेले कागद:

- पासपोर्ट, आणि आधीच्या परदेश प्रवासाचे शिक्के असलेले जुने पासपोर्ट
- यजमानांचं पत्र: कोण बोलावतंय, कोणत्या तारखेला, ओळख कशी, कोणता खर्च कोणाचा
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेढीचं आणि वैयक्तिक
- तीन वर्षांचे आयकर विवरण
- जीएसटी नोंदणी, निर्यातदार म्हणून असलेला आयईसी क्रमांक, बाजार समितीचा परवाना
- सातबारा आणि घराची कागदपत्रं
- परत येणार आहोत हे दाखवणारं छोटं पत्र: घरी कोण आहे, पेढी कोण बघतं, हंगाम कधी

यजमानांचं पत्र सक्तीचं नाही, पण असलं की अधिकाऱ्याच्या पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. त्यात खर्चाची वाटणी स्पष्ट लिहून घ्या. आमच्यात "विम्बल्डनचा दिवस आमच्याकडे, प्रवास आणि राहणं पाहुण्यांचं" असं होतं.

खाचा दोन. पहिली सातबाऱ्याची. इंग्रजी किंवा वेल्शमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागतं, आणि भाषांतर बरोबर असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर हवा. आमच्या ओळखीच्या एकाने नुसता मराठी सातबारा अपलोड केला. अधिकाऱ्याच्या लेखी तो कोरा कागद.

दुसरी खाच व्यापाऱ्यांची. हळदीचा हंगाम ऐन फेब्रुवारी ते मेमधला, आणि आपला अर्जही त्याच काळात. खात्यात एकदम मोठमोठ्या रकमा येतात आणि जातात. बघणाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कुणाकडून तरी आणून भरले. म्हणून मोठ्या रकमांसमोर त्या त्या सौद्याच्या हिशेबपट्ट्या लावल्या आणि "सांगलीत हळदीचा हंगाम या महिन्यांत असतो" एवढा एक परिच्छेद पत्रात लिहिला. दोघांचेही व्हिसा पहिल्या फेरीत आले.

४. स्वतःच्या पैशाने जाणार असाल तर

हा भाग थोडक्यात. निमंत्रण नाही, पण हौस आहे आणि ऐपत आहे, तर अधिकृत हॉस्पिटॅलिटी कीथ प्राउझ ही कंपनी विकते. विम्बल्डनच्या संकेतस्थळावरून तिकडे जाता येतं. तिथूनच घ्या, किंवा तिथे अधिकृत म्हणून नाव असलेल्याकडूनच.

आमच्या भागातल्या एका गृहस्थांनी टूर एजंटाकडून "सेंटर कोर्टचं व्हीआयपी तिकीट" घेतलं. नाव सांगत नाही, एजंटाचंही नाही आणि गृहस्थांचंही नाही. निघालं ते लॉटरीत कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावाने लागलेलं साधं तिकीट. विम्बल्डनमध्ये दुसऱ्याला विकता येतं ते फक्त डिबेंचरचं तिकीट. बाकीचं कुठलंही तिकीट असं फिरलं तर ते रद्द होऊ शकतं. हे गृहस्थ दारातून परत आले आणि उरलेला दिवस दुकानं बघत काढला.

पॅकेज घेताना एकच प्रश्न नीट विचारा: जेवणाचा मंडप मैदानाच्या आत आहे की बाहेर? बाहेरचे मंडप स्वस्त असतात आणि चालत काही मिनिटांवरच असतात, पण सोबत म्हातारं माणूस असेल तर ती काही मिनिटं दिवसातून चार वेळा चालावी लागतात. टूर कंपनीमार्फत पूर्ण सहल घेतलीत तर बिलात टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला कर, लागेल. तो खर्च नव्हे, आयकर भरताना वळता करता येतो. पावती तेवढी जपा.

५. कपडे, पिशवी आणि पेढे

पांढऱ्या कपड्यांचा नियम खेळाडूंसाठी आहे. हे मला घरात कुणालातरी वेळेवर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी ऑफिसात असताना मामंजींनी गावभागातल्या शिंप्याकडे पांढरा शुभ्र सफारी शिवायला टाकला होता. घातलाही त्यांनी तो. वाईट काही दिसलं नाही, पण दोन जणांनी त्यांना पंच समजून रस्ता विचारला.

पाहुण्यांसाठी नीटनेटके कपडे एवढीच अपेक्षा असते. फाटकी जीन्स, खेळाची हाफ पँट, मळके बूट नकोत. कोट-टायचा आग्रह रॉयल बॉक्स आणि क्लबच्या सभासदांच्या जागेसाठी आहे. तुमच्या मंडपाचा नियम पत्रात लिहिलेला असतो, तो वाचा. मी इरकल नेसले आणि वर पातळ स्वेटर घेतला. साडीला कुणाचीच हरकत नसते, उलट जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय मिळतो. टाचेच्या चपला मात्र घालू नका. दिवसभर पायऱ्या आणि चाल आहे.

पिशवी माणशी एकच, ४० × ३० × ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. सेल्फी स्टिक चालत नाही. धारदार काहीही नको, आणि इथे आपल्या जुन्या माणसांच्या चंच्या आधी तपासा. मामंजींचा अडकित्ता मी हॉटेलात काढून ठेवला, नाहीतर पितळेची ती आजोबांपासूनची वस्तू तिथल्या सुरक्षारक्षकाच्या डब्यात गेली असती.

यजमानांसाठी भेट न्यायची तर पेढे नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातूनही नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, तूप, बासुंदी सगळं बाद. आम्ही बेदाण्याचा अर्ध्या किलोचा डबा आणि हळदीची पुडी नेली. सांगलीच्या बेदाण्याला आणि सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेवढं छापलेलं एक कार्ड आत घातलं. भारी वस्तू नको. ती त्यांना पुन्हा त्या नोंदवहीत लिहावी लागते आणि देणारा-घेणारा दोघंही अवघडतात.

६. मैदानापर्यंत

राहायला लंडन मेट्रोच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरचं ठिकाण बघा. आम्ही अर्ल्स कोर्टला उतरलो. हीथ्रो विमानतळावरून तिथे पिकाडिली लाइन न बदलता जाते. अर्ल्स कोर्टच्या फलाटावर डिस्ट्रिक्ट लाइनच्या गाड्या तीन-चार दिशांना फुटतात, तेव्हा पाटीवर "विम्बल्डन" लिहिलेलीच धरा.

आणि आता गंमत अशी की विम्बल्डन स्टेशनला उतरायचं नाही. त्याआधी दोन स्टेशनं, साउथफील्ड्सला उतरायचं. तिथून मैदान साधारण पंधरा मिनिटं चालत. नावाला भुलून आम्ही शेवटच्या स्टेशनला गेलो आणि चांगलंच जास्त चाललो.

रोख पैशांवर विसंबू नका. मैदानात व्यवहार कार्डाने होतात, मेट्रोतही कार्ड टेकवून जाता येतं. फोरेक्स कार्ड (परदेशी चलन भरलेलं कार्ड) सांगलीतच करून घ्या आणि निघण्याआधी एकदा वापरून बघा. तिकीट मोबाइलमध्ये असतं, म्हणून बॅटरीची सोय हवी.

७. मंडपात

दारं सकाळी दहाला उघडतात. सेंटर कोर्टवर खेळ दीडला सुरू होतो, एक नंबरवर एकला. जेवण त्याआधी. म्हणून साडेअकरा लिहिलं असेल तर साडेअकरालाच जा. आपली साडेअकराची साडेबारा करायची सवय इथे महागात पडते, कारण दीडला यजमान खुर्चीवर जायला उठतात आणि तुमची भाजी ताटात राहते.

मद्य सगळीकडे असतं. नको असेल तर "नको, पाणी चालेल" म्हणा. कुणी आग्रह करत नाही. आपल्याकडे होतो त्याच्या निम्माही नाही.

मामंजींसाठी भाजलेला बटाटा, दही, फळं आणि बदाम आले. अंडी-कांद्याचा संशय येऊ नये म्हणून वाढणाऱ्या मुलाने वेगळ्या थाळीत झाकून आणलं. मग आली विम्बल्डनची स्ट्रॉबेरी आणि क्रीम. २०२५ मध्ये बाहेर स्टॉलवर ती २.७० पौंडांना मिळत होती. फळ केंट परगण्यातलं, ताजं तोडून आणलेलं. उपासाला चालेल का, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. फळ आणि साय, न चालायला काय झालं? पहिला घास घेऊन मामंजी म्हणाले, "महाबळेश्वरची आंबट असते, ही गोड आहे. पण आंबटला चव असते." दुसरी वाटी मात्र मागवली.

जेवताना भावाचं बोलू नका. पिकाचं बोला, पावसाचं बोला, मुलांचं बोला. यजमानांना सोडून बाहेरच्या कोर्टांवर गायब होऊ नका. फिरायचंच असेल तर सांगून, अर्ध्या तासासाठी. ते तुमच्यासोबत बसायला पैसे मोजून आलेले असतात.

८. कोर्टावर

खेळ चालू असताना उठायचं नाही आणि शिरायचंही नाही. खेळाडू बाजू बदलून बसतात तेव्हाच दारातले स्वयंसेवक सोडतात. यातले बरेचसे सैन्यदलातले आणि लंडनच्या अग्निशमन दलातले असतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. लघवीला जायचं तर हे गणित आधी करा. टायब्रेक (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा जादा खेळ) लागला की अडकलात.

मोबाइल बंद म्हणजे बंद. फ्लॅश नाही. सर्व्हिस चुकली म्हणून टाळी वाजवायची नाही. पाऊस आला तर सेंटर आणि एक नंबर कोर्टाला छप्पर आहे, त्यामुळे तुमचा दिवस वाया जात नाही. पण छप्पर मिटून खेळ पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा उरकून घ्या. रात्री अकराला खेळ थांबवतात.

२०२५ पासून तिथे लाइनवर उभे राहणारे पंच नाहीत, चेंडू आत की बाहेर हे यंत्रच सांगतं. आणि आमच्या नशिबाने त्याच दिवशी, रशियाची पावल्युचेन्कोवा आणि ब्रिटनच्या सोनाय कार्तालच्या सामन्यात, ते यंत्र एका बाजूला बंद निघालं. कार्तालचा चेंडू सरळ बाहेर पडला, यंत्र गप्प. खेळ थांबला, पंचांनी फोन लावला आणि शेवटी गुण पुन्हा खेळायला लावला. सगळं कोर्ट कुजबुजत होतं. मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, "यार्डातला काटा बंद पडला की आपण काय करतो? पुन्हा वजन." शेजारी बसलेल्या यजमानांना मी हे इंग्रजीत सांगितलं. ते इतक्या मोठ्यांदा हसले की स्वयंसेवकाने वळून बघितलं. पावल्युचेन्कोवा तो गेम हरली पण सामना जिंकली.

त्यानंतर सबालेन्काचा सामना आणि शेवटी अल्काराझ-रुब्लेव्हचा. वयस्क माणूस सोबत असेल तर तिन्ही सामने बघायचा हट्ट धरू नका. जुलैत तिथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे किती दमलो ते कळत नाही. आमच्यात तर एकाची आदल्या रात्रीची झोपही अपुरी होती: पंढरपूरची शासकीय महापूजा आपल्या पहाटे, म्हणजे लंडनच्या रात्री दहाच्या आसपास. ती मोबाइलवर पूर्ण बघून, हॉटेलच्या खोलीत हात जोडूनच मामंजी झोपले होते. अल्काराझने दुसरा सेट घेतल्यावर आम्ही यजमानांची परवानगी घेऊन उठलो.

९. दुसऱ्या दिवशी

आभाराची मेल दुसऱ्याच दिवशी, सांगलीला पोहोचून नव्हे. चार ओळी पुरतात, पण त्यात कालच्या दिवसातली एखादी नेमकी गोष्ट असू द्या. आम्ही स्वयंपाकघरातल्या माणसांचे वेगळे आभार लिहिले होते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचं उत्तर आलं. हॉटेलची, विमानाची, व्हिसाची बिलं एका पाकिटात ठेवा, सीए मागणार आहे. आणि त्या मेलमध्ये हळदीचा भाव काढू नका. तो पुढच्या सोमवारी, नेहमीच्या कोटेशनच्या मेलमध्ये.